बिनभोपळ्याची कॉफी

एडिसन, न्यू जर्सी
१४ ऑक्टोबर

ती. आईस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

इकडे सगळे खुशाल. झाडांची पानं लाल-पिवळी झालीत आणि गावाला भोपळ्याचं वारं लागलंय. कॉफी, बिस्किटं, दही, मेणबत्त्या, इतकंच काय हात धुवायचा साबणही ‘पम्पकिन स्पाइस’चा. सासूबाई हे सगळं अस्सल सातारी नजरेनं पाहतायत.

काल कोपऱ्यावरच्या दुकानात त्यांना ती कॉफी पाजली. एक घोट घेऊन म्हणाल्या, “यात भोपळा कुठाय गं?” नातवानं लगेच फोनवर शोधलं. स्टारबक्सनं ही कॉफी २००३ साली आणली आणि तिच्यात खरा भोपळा पडला २०१५ मध्ये! त्याआधी नुसती दालचिनी, आलं, जायफळ, लवंग, म्हणजे भोपळ्याच्या ‘पाय’मध्ये घालतात तो मसाला. सासूबाईंना राग नाही आला, कौतुकच वाटलं. “बारा वर्षं? साताऱ्यात कुणी बिनखव्याचा कंदी पेढा बारा मिनिटं विकून दाखवावा!”

त्याच दुकानाच्या पाटीवर हळदीचं दूध ‘टर्मरिक लाटे’ म्हणून होतं. बाबांना सांग, सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं खरं, पण भाव मिळतो तो वर फेस आणल्यावर.

खरी पंचाईत दारोदारच्या भोपळ्यांनी केली. मंडईत पाव किलोची फोड घासाघीस करून घेणाऱ्या बाईला पायरीपायरीवर अख्खे भोपळे दिसतात, तेही हॅलोविनला कोरून आत दिवा लावायला. “नंतर भाजी करतात ना?” मी म्हटलं, हे पाणचट असतात, खायचे लहान वेगळे मिळतात. मग तसला एक घरी आला.

अख्ख्या भोपळ्याला पहिली सुरी बाईमाणसानं लावायची नाही, म्हणून तुझ्या जावयांना मीटिंगमधून उठवलं. सुरी निम्म्यात अडकली. कॅमेरा सुरूच होता, त्यामुळे जावई भोपळ्यासकट सुरी ओट्यावर आपटतायत हे अख्ख्या ऑफिसनं पाहिलं.

पुढचं सासूबाईंनी हातात घेतलं. कीस तुपावर वाफवला, गूळ विरघळवला, गरम असतानाच मावेल तेवढी कणीक, थोडी तांदळाची पिठी, वेलदोडा आणि जायफळ. वरून खसखस लावून एकेक घारगा थापला, तळला. आपल्याकडची बडीशेप मी हळूच टाकत होते, पण पकडले गेले. “हे सांगलीचे लाड इथं नकोत!”

शेजारीण चार घारगे खाऊन विचारती झाली, यात पम्पकिन स्पाइस आहे का? सासूबाई म्हणाल्या, “सांग तिला, स्पाइस चिमूटभर आहे, बाकी सगळा पम्पकिनच आहे.”

तर आई, डिसेंबरात येताना भडंग आणशीलच. पण भडंग कमी झालं तरी चालेल, घडीची विळी तेवढी विसरू नकोस. हातातल्या पिशवीत मात्र ठेवू नकोस, मोठ्या बॅगेत टाक. जावयांची सुरी अजून सरळ झालेली नाही.

बाबांना शि. सा. नमस्कार.

तुझी,
लेक