उजव्या खुर्चीचा उमेदवार

पायलट का व्हावंसं वाटलं, या प्रश्नाला मुलाखतीत एकच उत्तर चालतं: लहानपणापासून आकाशाची ओढ होती. आम्ही सगळे तेच देतो. ब्लेझर शिवलेला असो की मावसभावाच्या लग्नातला, ओढ सगळ्यांची एकाच मापाची. खरं कारण मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला खांद्यावरच्या पट्ट्या हव्या होत्या. पट्ट्या, टोपी, चाकांची काळी बॅग, आणि विमानतळाच्या लांबलचक काचांमधून माझ्या बाजूने चालणारा मी. या सगळ्याबरोबर विमानही चालवावं लागतं असं कळलं, म्हणून तेही शिकलो.

त्यातही पट्ट्यांपेक्षा मला आवाज हवा होता. केबिनचे दिवे मंद झाल्यावर छतातून येतो तो. संथ, खर्जातला, किंचित झोपाळलेला. बाहेर विजा चमकत असतात, शेजारच्या सीटवरच्या आजी रामरक्षेत शिरलेल्या असतात आणि वरून हा सांगतो की पुढे हवा जराशी खराब आहे, पट्टे बांधून घ्यावेत. 'जराशी'वर तो असा रेंगाळतो की आजी रामरक्षा अर्धवट सोडून खिडकीबाहेर बघायला लागतात.

टॉम वुल्फ नावाच्या अमेरिकन लेखकाने १९७९ सालच्या 'द राइट स्टफ' या पुस्तकात या आवाजाचं मूळ शोधलं आहे. त्याच्या मते हा सगळा चक येगरचा प्रताप. येगर वेस्ट व्हर्जिनियातला. १४ ऑक्टोबर १९४७ रोजी बेल एक्स-१ विमान घेऊन आवाजापेक्षा वेगाने उडालेला पहिला माणूस. दोनच दिवस आधी घोड्यावरून पडून त्याच्या बरगड्या मोडल्या होत्या आणि वरिष्ठांना त्याने त्याचा पत्ता लागू दिला नव्हता. हा गडी रेडिओवर आपल्या गावाकडच्या हेलात, काही झालंच नाही अशा सुरात बोलायचा. ते ऐकून त्याच्याबरोबरचे टेस्ट पायलट तसे बोलू लागले, त्यांचं ऐकून हवाई दलातले, तिथून एअरलाइनमधले, आणि असं करत करत तो हेल शेवटी कराडला आमच्या न्हाणीघरात पोचला.

आमच्या न्हाणीघरात आवाज झकास घुमतो. पत्र्याच्या बादलीत नळ पूर्ण सोडला की इंजिनाचीही सोय होते. रोज सकाळी मी पस्तीस हजार फुटांवर जात असे. कधी डाव्या बाजूच्या प्रवाशांना कृष्णा-कोयनेचा संगम दाखवायचो, कधी बेळगावच्या हवामानाबद्दल खेद व्यक्त करायचो. उशीर झाल्याबद्दल एकदा इतक्या मनापासून क्षमा मागितली, की बाहेर टॉवेल घेऊन उभे असलेले बाबा म्हणाले, "क्षमा केली. बाहेर ये." शेजारच्या काकूंनी आईला आडून आडून विचारलं, पोराचा घसा बसलाय का, आणि ज्येष्ठमधाची पुडी पाठवली. ती मी कृतज्ञतेने चघळली. खर्ज सुधारला.

पुढे काही अनुभवी लोकांकडून कळलं की प्रवासी अनाउन्समेंट ऐकत नाहीत. त्यांना फक्त किती वाजता पोचणार ते हवं असतं आणि नेमकं त्याच वेळी कुणाचं तरी बाळ रडतं. पण तोवर माझा आवाज तयार झाला होता. नोकरी तेवढी नव्हती.

नोकरी नव्हती याचं कारण माझ्यात नव्हतं, असं मला आजही वाटतं. कमर्शिअल पायलटच्या लायसन्ससाठी दोनशे तास उड्डाण लागतं, त्यातले शंभर तास स्वतः विमानाचा प्रमुख म्हणून. तीनशे नॉटिकल मैलांची एक लांब फेरी लागते, रात्रीची उड्डाणं लागतात. हे सगळं मी बारामतीच्या धावपट्टीवरून, उसाच्या फडांकडे वरून बघत बघत पुरं केलं. त्याखेरीज हवामानशास्त्र, नॅव्हिगेशन, नियम यांचे पेपर, आणि रंगीत ठिपक्यांत लपलेले आकडे ओळखायला लावणारी ती वैद्यकीय तपासणी. लायसन्स हातात पडलं, आणि २०१९ च्या एप्रिलमध्ये देशातली एक मोठी विमान कंपनी बंद पडली. हजारो तास उडालेले कॅप्टन नोकरी शोधायला बाहेर आले आणि आमच्या दोनशे तासांकडे कुणी ढुंकून बघेना. पाठोपाठ कोविड आला, मग तर विमानंच झाकून ठेवली. मी बारावीच्या मुलांच्या फिजिक्सच्या शिकवण्या घेऊ लागलो. बर्नुलीचा सिद्धान्त माझ्याइतका हुंदका गिळून कऱ्हाड तालुक्यात कुणी शिकवला नसेल.

लग्नकार्यात लोक विचारायचे, "अजून विमान मिळालं नाही का?" मी हसायचो. बाबा हसायचे नाहीत. शिक्षणाचा खर्च पन्नास लाखांच्या वर गेला होता आणि त्यासाठी राहतं घर बँकेकडे तारण होतं. निवृत्त मुख्याध्यापकाच्या पेन्शनमधून हप्ता जात असताना पोरगा सकाळी न्हाणीघरातून प्रवाशांची क्षमा मागतोय, हे त्यांनी त्या काळात कसं ऐकून घेतलं असेल कुणास ठाऊक. एका अक्षराने ते कधी बोलले नाहीत. फक्त वीजबिल आलं की गीझरचे आकडे मोठ्याने वाचायचे.

मग भरती उघडली. आधी कॉम्प्युटरवरची परीक्षा, मग जॉयस्टिक हातात देऊन एकाच वेळी बेरजा करायला लावणारी परीक्षा, मग तुम्ही ठार वेडे नाही ना हे पाचशे प्रश्नांत फिरवून फिरवून विचारणारी प्रश्नावली. मग ग्रुप डिस्कशन. त्यात आम्ही सगळेच पहिल्या मिनिटापासून समारोप करत होतो. हे सगळं पार पडल्यावर पॅनेल: दोन कॅप्टन आणि मनुष्यबळ विभागाच्या एक बाई.

बाईंनी आदर्श कोण ते विचारलं. माझ्या आधीच्या प्रत्येकाने जेआरडी टाटा सांगितलं असणार, मीही सांगितलं. १० फेब्रुवारी १९२९, देशातलं पहिलं लायसन्स, १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून जुहूला टपाल घेऊन स्वतः उडवलेलं पस मॉथ विमान, सगळं तारीखवार. जेआरडींना मुलाखत द्यावी लागली नव्हती, कारण कंपनीच त्यांची होती, हा विचार मनात आला. तो मी मनातच ठेवला.

मग मोठ्या कॅप्टनसाहेबांनी सुरुवात केली. व्ही-वन म्हणजे काय? ज्या वेगानंतर टेकऑफ सोडून द्यायचा नाही तो. व्ही-वननंतर इंजिन गेलं तर? तरी उडायचं. हे मला पाठ होतं. आवाजही लागला होता. मग त्यांनी विचारलं: उतरताना ठरलेल्या उंचीपर्यंत खाली आलात, धावपट्टी दिसत नाही, नियमाने परत वर जायचं, पण कॅप्टन खाली उतरवतच चाललाय. तू उजव्या खुर्चीत आहेस. काय करशील?

याचंही उत्तर पुस्तकात आहे, चार पायऱ्यांचं. प्रोब, अलर्ट, चॅलेंज, इमर्जन्सी. आधी विचारायचं, मग सावध करायचं, मग ठणकावून सांगायचं आणि तरी ऐकलं नाही तर ताबा घ्यायचा. मी हे येगरच्या हेलात, सावकाश, प्रत्येक पायरीवर थांबत सांगितलं. बाई लिहीत होत्या. मला वाटलं, जिंकलं.

कॅप्टनसाहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "छान. आता मला सांग, गेल्या वर्षभरात तुझ्याहून मोठ्या माणसाला तू तोंडावर 'तुमचं चुकतंय' असं कधी म्हणालास?"

खर्ज एकदम नाहीसा झाला. मी मुख्याध्यापकांच्या घरात वाढलेला आहे. आमच्याकडे बाबांचं चुकत नाही. एसटी चुकते, पंचांग चुकतं, एकदा तर आकाशवाणीचं घड्याळ चुकलं होतं. शाळेतही सर, फ्लाइंग क्लबातही सर. बाराव्या वर्षी उलट बोललो म्हणून खाल्लेली थप्पड सोडली तर या विषयात माझ्याकडे नोंद नव्हती.

"मी नाही, सर," मी म्हणालो, "पण आई रोज म्हणते." आणि मग थांबता येईना, म्हणून दुधाचं सांगितलं.

सकाळी बाबा ओट्यापाशी पेपर घेऊन उभे असतात आणि दुधावर लक्ष ठेवण्याची जबाबदारी त्यांनी स्वतःहून घेतलेली असते. आई मागच्या अंगणातून म्हणते, "अहो, दुधाकडे लक्ष आहे ना?" बाबा म्हणतात, "हं." थोड्या वेळाने आतल्या खोलीतून, "अहो, दूध वर यायला लागलं असेल." "बघतोय." मग दारातून, जरा चढ्या आवाजात, "अहो, पेपर ठेवा खाली आणि गॅस बंद करा!" यावर बाबा अग्रलेखाचं पान उलटतात. चौथ्या पायरीला आई बोलत नाही. बाबांच्या काखेखालून हात घालून बटण फिरवते. साय पातेल्याच्या काठाला लागून खाली बसते. बाबा म्हणतात, "मी करतच होतो." आणि ती म्हणते, "हो ना, म्हणूनच." पुस्तकात ही पाचवी पायरी नाही. समोरच्याचा मान परत त्याच्या हातात देण्याची. पण दुसऱ्या दिवशीही एकाच स्वयंपाकघरात उभं राहायचं तर ती लागते.

हे मी इंग्रजीत सांगितलं. सायीला इंग्रजीत काय म्हणतात ते ऐनवेळी आठवेना, म्हणून हाताने दाखवली. धाकटे कॅप्टन पाण्याचा घोट घेत होते, त्यांना ठसका लागला. मोठ्यांनी चष्मा पुन्हा चढवला आणि म्हणाले, "मग आईलाच पाठवायचं होतं."

बाहेर आलो तर नांदेडची एक मुलगी कोपऱ्यात बसून रडत होती. मोठ्या कॅप्टननी तिला विचारलं होतं, समुद्रसपाटीला स्टँडर्ड तापमान वीस अंश धरलं तर दहा हजार फुटांवर किती? हजार फुटांना दोन अंश कमी होतात. तिच्या आधीच्या सगळ्यांनी मुकाट वीसातून वीस वजा करून "झीरो, सर" म्हटलं होतं. ही म्हणाली, "सर, स्टँडर्ड तापमान पंधरा असतं." सर नुसते "अस्सं" म्हणाले. म्हणून रडत होती. मोठ्या माणसाला दुरुस्त केलं, आता संपलं. आणि आम्ही तिची समजूत काढत होतो की अगं, होतं असं, पुढच्या भरतीला बघ. तिचं बरोबर होतं हे आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही. मला तो प्रश्न विचारला नव्हता, एवढीच माझी पुण्याई.

हे मला आजही सलतं. आमचा खर्जातला आवाज, कडक कॉलर, "येस सर" म्हणताना किंचित झुकणारी मान, हे सगळं आम्ही मेहनतीने कमावतो. आणि हा धंदा मागतो ते नेमकं याच्या उलट. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावर दाट धुक्यात दोन जम्बो विमानं धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. धावत सुटलेल्या विमानाचे कॅप्टन व्हान झान्टेन हे केएलएम कंपनीचे सर्वांत नावाजलेले वैमानिक आणि प्रशिक्षक. कंपनीच्या जाहिरातीत त्यांचा हसरा फोटो छापून यायचा. अपघाताची बातमी आल्यावर तपासाला पाठवण्यासाठी कंपनीने आधी त्यांचाच शोध सुरू केला म्हणतात. मला जे जे हवं होतं ते सगळं त्या माणसाकडे होतं. शेजारच्या को-पायलटला जम्बोसाठी पास केलेलं होतं ते त्यांनीच, दोनेक महिन्यांपूर्वी. टॉवरची परवानगी अजून मिळाली नाही हे त्याने त्यांना एकदा सांगितलं, आणि ते थांबले. दुसऱ्यांदा ते परवानगीविनाच निघाले तेव्हा त्याने अडवलं नाही. समोरचं विमान धावपट्टीवरून हललं नाही का, असं मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरने विचारून पाहिलं. हललंय, असं ठाम उत्तर आलं. पुढे कुणी विचारलं नाही. उजव्या खुर्चीतल्याने तोंड उघडायला शिकावं म्हणून पुढे जगभर अभ्यासक्रम निघाले. आमच्याकडे तो शिकवणारेही 'सर'च असतात, आणि "शंका?" असं ते घड्याळाकडे बघत विचारतात.

असो. निवडीचा ई-मेल आला. नांदेडकरणीलाही आला. तिने फोन करून बातमी दिली आणि पुन्हा रडली.

बाबांनी चष्मा लावून प्रिंटआउट पहिल्यापासून वाचला. "पर्मनंट आहे ना?" मी म्हटलं, आधी ट्रेनिंग. मग ते तिसऱ्या पानावर आले. तिथे विमानाच्या प्रशिक्षणाचा खर्च उमेदवाराने भरायचा आणि इतकी वर्षं नोकरी सोडायची नाही असं लिहिलं होतं. ते त्यांनी दोनदा वाचलं. "हे नोकरीचं पत्र आहे की फीची पावती?" एवढं विचारून ते आत गेले आणि बँकेचं पासबुक घेऊन बाहेर आले. शुद्धलेखनाच्या दोन चुकांना मात्र त्यांनी लाल पेनने गोल केला.

आता मी उजव्या खुर्चीत बसतो. खांद्यावर पट्ट्या दोनच आहेत, पण काचेत त्या चार वाटतील अशा बेताने मी चालतो. अनाउन्समेंट बहुतेक वेळा कॅप्टन स्वतः करतात. मला जेव्हा मिळते तेव्हा बाळ रडतंच.

महिन्याचं रोस्टर आलं की आईला फोन करावा लागतो. उद्या कुठे जाणार, याच्याशी तिला कर्तव्य नसतं. "कॅप्टन कोण आहे? ऐकणारा आहे का?" एवढंच ती विचारते. मी नाव सांगतो, ती "बरं" म्हणते. त्या "बरं"चे दोन-तीन प्रकार आहेत, ते मला ओळखू येतात. परवा मी फुशारकीने म्हटलं, अजून काही वर्षांनी मीच कॅप्टन होणार आहे. ती जरा गप्प झाली. मग म्हणाली, "मग तुझ्याशेजारी बसणार असेल त्याचा नंबर मला आधी पाठवत जा."