निरोप्या

मराठीत ‘निरोप’ या एकाच शब्दाला दोन कामे करावी लागतात. एकाने दुसऱ्याला धाडलेला सांगावा म्हणजे निरोप, आणि जाणाऱ्याला वाटेला लावणे म्हणजेही निरोपच. पहिल्या अर्थावरून ‘निरोप्या’ हा शब्द बनला आणि सांगावा पोचवणाऱ्या माणसाला कायमचा चिकटला. दुसऱ्या अर्थासाठी मात्र भाषेने असा कर्ता घडवला नाही, कारण जाणाऱ्याला वाटेला लावणे हाच एखाद्याचा आयुष्यभराचा उद्योग असू शकेल अशी शंका तिला आली नसावी. गेल्या तीन-चार दशकांत महाराष्ट्रातील रेल्वेस्थानकांवर जो एक मनुष्यवर्ग उदयाला आला, त्याने ही उणीव भरून काढली आहे. बंद होणाऱ्या गाडीला, मोडीत निघणाऱ्या इंजिनाला आणि उखडल्या जाणाऱ्या रुळाला अखेरचा रामराम करण्यासाठी जो स्वखर्चाने आणि बहुधा कचेरीत आजारपणाची रजा टाकून हजर होतो, त्या रेल्वेप्रेमी गृहस्थाला येथे निरोप्या म्हटले आहे.

निरोप्या आणि प्रवासी यांच्यात गल्लत करू नये. प्रवाशाला कोठे तरी पोचायचे असते आणि गाडी हे त्याच्या लेखी पोचण्याचे साधन असते. निरोप्याला कोठेही पोचायचे नसते, आणि गाडी वेळेवर पोचली तर आपले पैसे पुरते वसूल झाले नाहीत अशा मुद्रेने तो खाली उतरतो. लोणावळ्याची हवा, माथेरानचे पॉइंट आणि पंढरपूरचा विठोबा ही त्याच्या दृष्टीने रुळांच्या टोकाला आपोआप आलेली स्थळे होत. माथेरानला तो सात-आठ वेळा गेलेला असतो, पण तेथील सूर्यास्त त्याने एकदाही पाहिलेला नसतो, कारण १९०७ पासून चालणाऱ्या त्या दोन फुटी रुळांच्या गाडीचे इंजिन एका टोकाचे सोडवून दुसऱ्या टोकाला कसे जोडतात हे पाहण्यात त्याची संध्याकाळ गेलेली असते. बरोबर नेलेल्या कुटुंबाने तो सूर्यास्त पाहिलेला असतो आणि पुढे घरात त्याविषयी बोलणे निघाले की निरोप्या वर्तमानपत्र उघडतो.

त्याची भाषा वरवर मराठीच असते, परंतु तिच्यात इंजिनांच्या वर्गनामांचा इतका भरणा असतो की नवख्या श्रोत्याला एखाद्या गुप्त संप्रदायाचा मंत्र ऐकल्याचा भास होतो. ही वर्गनामे समजण्यास मात्र अवघड नाहीत. पहिले अक्षर रुळांच्या रुंदीचे असते, म्हणजे ब्रॉडगेजला डब्ल्यू, मीटरगेजला वाय आणि अडीच फुटी नॅरोगेजला झेड. त्यानंतर इंधनाचे किंवा विजेच्या प्रकाराचे अक्षर येते आणि शेवटी कामाचे. या हिशेबाने डब्ल्यूसीएम म्हणजे ब्रॉडगेजवर डीसी विजेने चालणारे व प्रवासी आणि माल या दोन्ही गाड्या ओढणारे इंजिन होय. एवढे समजावून सांगण्यास निरोप्या पाऊण तास घेतो. इंजिनाची नित्य देखभाल ज्या शेडमध्ये होते त्या शेडला ‘होम शेड’ म्हणतात आणि तिचे नाव इंजिनाच्या अंगावर रंगवलेले असते. ही पद्धत निरोप्याला इतकी पसंत आहे की नव्याने ओळख झालेल्या माणसाला तो मूळ गाव विचारण्याऐवजी होम शेड विचारतो. मुलीसाठी सांगून आलेले स्थळ भुसावळचे आहे असे कळताच त्याने मुलाच्या पगाराआधी तेथील शेडमध्ये सध्या कोणकोणती इंजिने आहेत याची चौकशी केली, तर त्यात घरच्या मंडळींना आता काही विशेष वाटत नाही.

अशा या माणसाचे खरे तेज प्रकट होते ते एखादी गाडी बंद होणार असल्याचे जाहीर झाल्यावर. विदर्भातील मूर्तिजापूर–यवतमाळ ही ११३ किलोमीटरची नॅरोगेज वाट, जिला लोक प्रेमाने शकुंतला म्हणत, तिच्यावर मँचेस्टरला बनलेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत चालले. त्या काळात तिच्यातून यवतमाळला जावे असे ज्यांना एकदाही वाटले नाही, असे कितीतरी निरोपे इंजिन जाणार म्हटल्यावर व्याकुळ झाले. १८९७ मध्ये सुरू झालेली आणि पुढे मिरज, पंढरपूर व लातूर यांना जोडणारी बार्शी लाइट रेल्वे ब्रॉडगेजमध्ये रूपांतरित होऊ लागली, तेव्हाही हेच घडले. वर्षानुवर्षे जिच्यात वारकरी, बाजारकरी आणि शाळकरी मुले एवढाच उतारू असे, अशा गाडीच्या अखेरच्या फेरीला डब्यात पाय ठेवायला जागा उरत नाही. इंजिनाला झेंडूच्या माळा घातल्या जातात, नारळ फुटतो, चालकाला इतके पेढे भरवले जातात की त्याला ब्रेकचा दांडा सुचू नये. या गर्दीत नेहमीप्रमाणे भाजीची पाटी घेऊन चढलेली एखादी आजी असतेच, आणि ती कोपऱ्यात अंग चोरून बसल्या बसल्या विचारते, “एवढी माणसं रोज आली असती, तर गाडी बंद पडली असती का रे बाबा?” रेल्वे अर्थशास्त्रावरील अनेक ग्रंथांचे सार या एका वाक्यात आहे असे म्हणावे लागते. निरोप्यापाशी त्याला उत्तर नसते. तो कॅमेरा डोळ्याला लावतो आणि अत्यंत अदबीने म्हणतो, “आजी, जरा डावीकडे सरकता का? डब्याचा नंबर झाकला जातोय.”

मुंबईतील निरोप्यांची परंपरा अर्थातच अधिक संघटित आहे. भारतातली पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनसहून हार्बर मार्गाने कुर्ल्याला गेली, ती दीड हजार व्होल्टच्या डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या, विजेवर. पुढे देशभर पंचवीस हजार व्होल्टची एसी वीज रूढ झाली आणि मुंबईची डीसी टप्प्याटप्प्याने मागे सरत ९ एप्रिल २०१६ च्या रात्री कुर्ल्याहून सुटलेल्या अखेरच्या लोकलबरोबर संपली. जिथे जन्म तिथेच अंत, हा योग निरोप्यांना फार भावला. त्या रात्री काय वाहत होते याच्याशी सामान्य मुंबईकराचा संबंध घरी वेळेवर पोचण्यापुरताच होता, पण निरोप्याच्या कानाला डीसी मोटारींचा तो विशिष्ट घरघराट म्हणजे घराण्याची गायकी वाटत असे आणि ती जतन करण्यासाठी तो ध्वनिमुद्रक घेऊन आलेला होता. दुसरेही बरेच निरोपे त्याच हेतूने आलेले होते. त्यामुळे त्या ऐतिहासिक ध्वनिमुद्रणात मोटारींपेक्षा परस्परांना गप्प बसवणारे ‘शूऽऽ’ अधिक स्पष्ट ऐकू येते.

निरोप्याच्या आयुष्यातील खरे दुःख मात्र गाडी बंद पडण्याचे नसून ती त्याला न सांगता बंद पडण्याचे असते. करोनाच्या साथीमुळे २२ मार्च २०२० च्या मध्यरात्री देशातील प्रवासी गाड्या थांबल्या आणि पुढे त्यांतल्या कित्येक पॅसेंजर गाड्या पूर्वीच्या रूपात परतल्याच नाहीत. त्यांची शेवटची फेरी ही शेवटची आहे हे त्या फेरीला ठाऊक नव्हते, मग निरोप्याला कोठून असणार? त्या साथीच्या टाळेबंदीत, एप्रिल २०२० मध्ये, खंडाळ्याचा १८३० सालचा अमृतांजन पूल सुरुंग लावून पाडला गेला. तो रस्त्याचा पूल, म्हणजे शास्त्रानुसार निरोप्याच्या अधिकारक्षेत्राबाहेरचा. तरीही त्याच्याजवळ रेल्वेच्या जुन्या रिव्हर्सिंग स्टेशनची जागा असल्यामुळे (१९२९ पर्यंत घाटातल्या गाड्या येथे थांबून उलट दिशेने पुढची चढण चढत) त्याला त्या पुलाचे सुतक लागले. हार घरी आणून ठेवलेला नव्हता म्हणून आपण स्वतःला क्षमा करू शकलो, असे काही निरोपे आजही सांगतात.

कोणताही निरोप्या एकटा नसतो. त्याचे एक मंडळ असते. अशा मंडळाची कोणी स्थापना करत नाही, ते फलाटाच्या टोकाला साचत जाते. फलाट जेथे उतरत जमिनीला मिळतो, छप्पर संपते आणि येणाऱ्या गाडीचे इंजिन पहिल्यांदा नजरेस पडते, ती या मंडळाची बैठकीची जागा. तेथे पंचवीस-तीस वर्षे दर रविवारी सकाळी तीच दहा-बारा माणसे भेटतात, एकमेकांना थर्मासातला चहा देतात आणि शेवपाव खातात. बैठकीला घटना नसली तरी कालमर्यादा असते, कारण फलाट तिकीट दहा रुपयांचे आणि दोन तासांपुरतेच असते. चर्चा रंगली की मंडळातील सर्वांत धाकटा सभासद, ज्याचे वय आता अठ्ठेचाळीस असते, सर्वांसाठी नवी तिकिटे आणायला पळतो. मंडळात खजिनदार नसतो पण एक अभिलेखपाल असतो, ज्याच्याकडे जुनी वेळापत्रके आणि पुठ्ठ्याची तिकिटे असतात आणि जो ती कोणालाही दाखवत नाही. १ जून १९३० रोजी सुरू झालेल्या डेक्कन क्वीनचा वाढदिवस पुण्याच्या फलाटावर केक कापून साजरा होतो तेव्हा हे मंडळ तेथे असते, आणि पहिल्या दोन गाड्यांपैकी रुपेरी रंगाची आधी धावली की निळी, या प्रश्नावरून त्यातले दोघे अकरा वर्षे एकमेकांशी थेट बोललेले नसतात. ते बोलतात तिसऱ्यामार्फत, म्हणजे निरोप धाडून. शब्दाच्या मूळ अर्थाची सोय अशी मंडळाने आपल्यातच करून ठेवली आहे.

असे मंडळ संपते कसे, हा प्रश्न आजवर कोणी हाताळलेला दिसत नाही. भांडणाने ते संपत नाही, उलट भांडणावर ते पोसते. त्याचा घात होतो तो एकसारखेपणाने. १९९२ पासून राबवलेल्या एकगेज धोरणाने लहान रूळ एकामागून एक रुंद केले. २०१८ मध्ये जुन्या निळ्या आयसीएफ बनावटीच्या प्रवासी डब्यांचे उत्पादन थांबले आणि मूळ जर्मन आराखड्याचे एलएचबी डबे त्यांची जागा घेत गेले. २०२३ मध्ये मध्य रेल्वेचे सर्व ब्रॉडगेज मार्ग विजेच्या तारेखाली आले. रेल्वेच्या दृष्टीने ही मोठी कामगिरी आहे आणि ती तशी आहेच. फलाटाच्या टोकाला बसलेल्या माणसाच्या दृष्टीने मात्र सकाळपासून पाच वेळा तेच इंजिन गेले. अखेरचा घाव घातला तो फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालेल्या मुंबई–सोलापूर वंदे भारत गाडीने. बोर घाटाची चढण ३७ मीटरला एक मीटर इतकी खडी असल्यामुळे कर्जतला गाडीच्या मागे बँकर, म्हणजे ढकलण्यासाठी जादा इंजिने, जोडावी लागतात. ही गाडी डब्यांखालच्या मोटारींच्या बळावर बँकरशिवाय घाट चढते, आणि तिला वेगळे इंजिनच नसते. ज्या गाडीला इंजिन नाही तिच्याकडे कोठे पाहावे, याचा निर्णय मंडळाला तीन रविवारांत करता आला नाही. बँकर जोडण्याच्या थांब्यावर धंदा करणाऱ्या कर्जतच्या वडेवाल्याचे काय होणार, ही चिंता मात्र पहिल्याच रविवारी एकमताने नोंदवली गेली.

त्यात सभासदांची वये वाढतात, कोणाचे गुडघे पूल चढू देत नाहीत, कोणी मुलाकडे कॅनडाला जातो आणि तेथून दोन-दोन मैल लांब मालगाड्यांची छायाचित्रे पाठवून उरलेल्यांचा जीव जाळतो. मग एके दिवशी अभिलेखपालच ठराव मांडतो की आता थांबावे. ठराव मंजूर होतो, तारीख ठरते, आणि येथे निरोप्याच्या स्वभावातील एक आजवर न दिसलेली बाजू उघडी पडते. पन्नास इंजिनांना हार घातलेल्या या माणसाला माणसांना निरोप कसा द्यावा याची काहीच कल्पना नसते. इंजिनापुढे नारळ फोडता येतो, चाकाखाली लिंबू ठेवता येते, चालकाशी हस्तांदोलन करता येते. तीस वर्षे शेजारी बसलेल्या गृहस्थाच्या आडनावापलीकडे मात्र त्याला काही ठाऊक नसते, आणि त्याला मुले किती हे आज विचारणे बरे दिसत नाही. तेव्हा मंडळी नेहमीचेच करतात. आलेल्या गाड्यांची नोंद होते, किती मिनिटे उशीर ते लिहिले जाते, रुपेरी की निळी हा वाद तिसऱ्यामार्फत पुन्हा एकदा घोळला जातो. अडचण उठण्याची असते. या बैठकीतून सर्वांत शेवटी जो उठेल तो इतिहासात नोंदला जाईल हे प्रत्येकाला कळते, त्यामुळे पहिल्यांदा कोणीच उठत नाही. आणि धाकट्या सभासदाने नवी तिकिटे आणायला जावे, तर तो गेल्यावर बैठक संपली तर काय, म्हणून तोही हलत नाही.

दोन तास उलटतात आणि तिकीट तपासनीस येतो. मुदत संपलेल्या फलाट तिकिटांबद्दल तो नियमाप्रमाणे दंड करतो आणि दंडाबरोबर गाडीचे भाडेही लावतो. एकत्र प्रवास करू असे तीस वर्षे म्हणत राहिलेल्या या मंडळाने एकत्र भरलेले भाडे ते एवढेच. पावती अभिलेखपालाकडे आहे, आणि तो ती कोणालाही दाखवत नाही.