सल्ला-सेवन : नवशिक्यांसाठी कृती

साहित्य : शिंक १, नातेवाईक आवडीप्रमाणे, फॅमिली ग्रुप १, चालू गोळ्यांची यादी, स्वतःची प्रकृती (घरात असेल तीच, शेजाऱ्यांकडून उसनी आणू नये).

कृती :

१. चारचौघांत शिंकावे. आत्या आलं सांगतील, मावशी तुळस, वरच्या मजल्यावरचे काका ज्येष्ठमध. सगळे एकाच पातेल्यात उकळू नये. ज्येष्ठमध रोज भरपूर पोटात गेले तर रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरते. काकांना बीपी नाही, तुम्हाला आहे. काढा काकांनाच पाजावा.

२. पहाटे उठावे. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त ब्राह्ममुहूर्ती उठायला सांगितले आहे खरे, पण निरोगी माणसाला. व्यायामही निम्मी ताकद खर्च होईपर्यंतच. ग्रुपवर सल्ला पुढे ढकलताना या अटी वाटेत गळतात. हिंजवडीतून रात्रपाळी करून पहाटे चारला परतणाऱ्याने ब्राह्ममुहूर्त झोपायला जाताना पाळावा.

३. उकळत्या पाण्यात मध घालून ‘आपल्या ऋषिमुनींनी सांगितलंय’ असे म्हणत प्यावे. चरकसंहितेत तापवलेला मध वर्ज्य आहे, हे त्या वेळी बोलू नये. घरात शांतता राहते.

४. दुधीचा रस काढण्याआधी दुधीची चकती जिभेला लावून पाहावी. कडू लागली तर दुधी थेट कचऱ्यात. ‘औषध कडूच असतं’ हा बाणेदारपणा इथे नको. त्या कडवटपणामागे कुकुरबिटासिन असते. त्याने रक्ताच्या उलट्या होतात आणि माणसे दगावलीही आहेत. भाजी चिरताना आजी फोड चाखायची, ते पूर्वी सगळ्यांनी पाहिले. वारसा म्हणून आपण फक्त मिक्सर उचलला.

५. एकादशी करावी, मात्र मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. काही औषधांवर पोट रिकामे राहिले तर साखर धोकादायक खाली येते. उलट खिचडीची दुसरी बशी ती वर नेते, कारण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. आजारी माणूस, गरोदर बाई आणि लहान मुले यांना उपवासातून सूट देणारी घरातली म्हातारी माणसेच असत. परंपरा म्हणून तीही पाळावी.

६. डिंकाचे लाडू बाळंतिणीसाठी केलेले असतात. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या तिच्या नवऱ्याने ‘थंडी आहे’ म्हणून रोज दोन उचलले, तर बाळसे त्यालाच चढते.

टीप : जुना सल्ला टाकाऊ नसतो, अर्धाच पोचलेला असतो. म्हणून सांगणाऱ्याला विचारावे : कुणी घ्यायचं, किती, आणि कधी नाही? चालू गोळ्या बंद करण्याचा सल्ला मात्र लिहून देणाऱ्या डॉक्टरांखेरीज कुणाचाही ऐकू नये. ‘आमच्याकडे सगळेच घेतात’ एवढेच उत्तर आले, तर चहा पिऊन निघावे. साखर आपापल्या रिपोर्टप्रमाणे.