आमच्या घरात माणसं किती?

कुंपणाची एक फळी गारपिटीत निखळली, तेव्हापासून शेजारच्या वहिनींशी बोलायला टाचा उंचावाव्या लागत नाहीत. आम्ही टेक्ससमध्ये, फ्रिस्कोत. काल कढीपत्त्याची कुंडी सावलीत ओढता ओढता त्या म्हणाल्या, "ऐकलंस का गं? मतदारसंघ आखताना फक्त नागरिक मोजावेत म्हणे."

"म्हणजे आम्ही कटाप?"

"तुम्ही मत कुठे देता!" वहिनी सहा वर्षांपूर्वी नागरिक झाल्या. त्या दिवशी पुरणपोळ्या आमच्याच घरून गेल्या होत्या, पण ते असो.

मी बोटांवर हिशेब मांडला. आम्ही दोघं बारा वर्षं ग्रीन कार्डच्या रांगेत. लेक नऊ वर्षांची, जन्म इथला. माणसं मोजली तर घरात तीन. नागरिक मोजले तर एक, तीही चौथीतली. मतदार मोजले तर शून्य. घरपट्टी मात्र अख्ख्या घराची!

"आणि माझ्या मताचं काय?" वहिनी हट्टाला पेटल्या. "माणसं सारखीच, पण पलीकडच्या मतदारसंघात मतदार कमी. मग तिथलं एक मत माझ्यापेक्षा भारी नाही का?"

मुद्दा अगदीच वेडगळ नाही. हेच गाऱ्हाणं घेऊन टेक्ससचे दोन मतदार सुप्रीम कोर्टात गेले होते. राज्याच्या सिनेटचे ३१ मतदारसंघ. माणसं मोजली तर त्यांच्यात जेमतेम ८ टक्क्यांचं अंतर, मतदार मोजले तर ४० च्या वर. २०१६ मध्ये आठही न्यायमूर्तींनी दोघांना हात हलवत परत पाठवलं. नववी खुर्ची तेव्हा रिकामी होती, न्यायमूर्ती स्कालिया नुकतेच गेले होते. निकाल रूथ बेडर गिन्सबर्ग यांचा. निवडून आलेला माणूस मत नसलेल्यांचाही प्रतिनिधी. शाळा चांगली हवी, हे पोरांनाही लागू, असा त्यांचा रोख.

"आपल्याकडेही जनगणनेवरच आखतात हो, मतदारयादीवर नाही," मी हळूच सरकवलं.

"मग मिटलं की!"

"कुठलं मिटतंय? सगळी माणसं मोजलेली चालतात, एवढंच कोर्ट म्हणालं. उद्या एखाद्या राज्याने मतदारच मोजायचं ठरवलं तर? त्यावर बोललेच नाहीत."

वहिनींनी फळीच्या भगदाडातून कढीपत्त्याची डहाळी पुढे केली. इथली पुढची शिरगणती २०३० ला. तेव्हाही लेक अठराची झालेली नसेल, आणि आमच्या ग्रीन कार्डचं तर विचारूच नका.