सॅकला नेसवलं गोणपाट

सॅकच्या दुकानात मातकट रंग मागितला की दुकानदार आपल्याकडे दयेने बघतो. पोपटी, गुलाबी, निळी आणि या सगळ्यांच्या वरताण नारिंगी, एवढीच प्रजा तिथे नांदते. यामागे शहाणपण आहे. सह्याद्रीच्या धुक्यात कुणी चुकलंच, तर शोधणाऱ्यांना आधी सॅक दिसते, मग माणूस. माझी 60 लिटरची भडक नारिंगी सॅक म्हणूनच घरच्यांनी एकमताने पसंत केली होती.

भीमाशंकरला शेकरू बघायला जायचं ठरलं, तेव्हा आमच्या पक्षीवेड्या नानांनी हुकूम सोडला, "आधी हे अग्निकुंड झाक. अख्खं रान कोकणात उतरेल!"

सॅकच्या तळाच्या कप्प्यातलं रेनकव्हर मोठ्या आशेने बाहेर ओढलं. ते सॅकहून भडक, रेडियमसारखं पोपटी निघालं. आईची जुनी हिरवी साडी गुंडाळून पाहिली, तर जरीचे काठ उन्हात लखलखायला लागले. शेवटी बटाट्याचं गोणपाट मिळवलं, दाभणात सुतळी ओवली आणि सॅकला अंगरखा शिवला. पट्ट्यांपुरत्या फटी ठेवल्या. नानांनी लांबून, जवळून, डोळे बारीक करून पाहिलं आणि पसंतीची मान हलवली.

एसटीत मात्र कंडक्टरने बोट दाखवलं, "पोत्याचं लगेज तिकीट पडेल."

"पोतं नाही हो, सॅक आहे."

"मग पोतं का नेसवलंय?"

"शेकरू बिचकू नये म्हणून."

त्यांनी माझ्याकडे आणि मग पोत्याकडे पाहिलं आणि निमूटपणे तिकीट फाडलं. शेजारच्या आजोबांना सगळं कळलंच होतं. "मंचरच्या मार्केटला चाललाय ना? औंदा बटाट्याला भाव नाही बघा," ते म्हणाले. खुलासा करायचं त्राण नव्हतं. घोडेगाव येईपर्यंत मी बियाणं, खतं आणि आडत या विषयांवर त्यांच्याबरोबरीने हळहळत होतो.

भीमाशंकरला देवळाच्या पायऱ्यांवर माकडांचीही हीच समजूत झाली. पोत्यात खाण्याचं काही नाही हे त्यांना पटेपर्यंत अंगरख्याची एक बाही गेली.

खास शेकरूसाठी 1985 साली अभयारण्य झालेल्या या रानात आम्ही मग पाय न वाजवता शिरलो. वाटाड्याने वर बोट केलं. उंच फांदीवर शेकरू! पाठ गडद तांबूस, पोट साईच्या रंगाचं, शेपूट अंगापेक्षा लांब. महाराष्ट्राचा राज्यप्राणी मागच्या पायांवर बसून, पुढच्या दोन्ही पंजांत फळ फिरवत निवांत कुरतडत होता. नानांनी श्वास रोखून दुर्बीण उचलली.

तेवढ्यात मागे चर्रर्र असा आवाज झाला. खडखडाटी शिवी हासडून शेकरूने पलीकडच्या झाडावर झेप घेतली आणि पानांत दिसेनासं झालं.

"ती नारिंगी बाही!" नाना कडाडले.

आमच्यातले गुरांचे डॉक्टर माझ्या मदतीला धावले. "नाना, उगाच सॅकला बोल लावू नका. रंग टिपणाऱ्या पेशी आपल्या डोळ्यांत तीन प्रकारच्या असतात, शेकरूसारख्या खारींच्या नि हरणांच्या डोळ्यांत दोनच. त्यांना नारिंगी आणि हिरवा वेगळा कळत नाही. निळा मात्र झकास कळतो."

सगळ्यांच्या नजरा नानांच्या आकाशी विंडचीटरवर गेल्या.

डॉक्टरांना आता चेव चढला. "पक्ष्यांचं म्हणाल तर त्यांच्याकडे चार प्रकारच्या पेशी, त्यांच्यापुढे आपण कुणीच लपत नाही. पण सांबराच्या मागावर निघणारा वाघ बघा. तो नारिंगीच असतो ना? सांबराला तो झाडोऱ्यातलाच वाटतो. वाघाला कुणी गोणपाट नेसवलंय?"

नानांनी विंडचीटर काढून घडी घातली आणि डॉक्टरांच्या हातातल्या उघड्या पाकिटाकडे पाहिलं.

"बरोबर आहे, डॉक्टर. पण सांबराच्या मागावर असताना वाघ चिवडा फोडत नाही!"