गाजर गवतास, केळ्याच्या वतीने

श्रीमान गाजर गवत उर्फ काँग्रेस गवत उर्फ चटकचांदणी,
मु. रिकामा प्लॉट, चाकण एमआयडीसी

सा. न. वि. वि.

1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली आणि 1956 मध्ये आर. एस. राव यांनी पुण्यात सापडलेल्या तुमच्याविषयी छापून आणलं. अमेरिकी गव्हाच्या पोत्यांतून तुम्ही विनातिकीट आलात, असं म्हणतात. पेनिसिलिनच्या कारखान्याला जागा लागली, परवाने लागले. तुम्हाला काहीच लागलं नाही. भोसरी असो, तळवडे असो की निघोजे, जेसीबीने माती उकरली की तुम्ही हजर! एका झाडाला पंधरा-पंधरा हजार बिया. एवढी भरती इथल्या कुठल्या कंपनीला जमलीय?

पण खरं कौतुक तुमच्या नामानिराळं राहण्याचं. पाऊस सरता सरता तुम्ही ऐन भरात येता. दुसऱ्या पाळीचा पोरगा पार्किंगमधून गाडी काढतो, तेव्हा हेल्मेटच्या अस्तरात तुमची पांढरी भुरभुर अडकलेली असते. घरी पोचेपर्यंत शिंकांची माळ, रात्री छातीत शिट्टी. आणि आरोपी कोण, तर केळं! "रात्रीचं केळं खाल्लंस ना? आता दही बंद." मागोमाग ताक आणि काकडीही हद्दपार. दुधादह्याने कफ वाढतो याला भक्कम पुरावा नाही, पण दह्याला वकील कोण देणार? कॅन्टीनच्या झणझणीत रश्श्याने नाक गळतं ते मिरचीमुळे. त्यासाठी अ‍ॅलर्जी असावी लागत नाही.

केळं अगदीच धुतल्या तांदळाचं आहे असंही नाही म्हणा. पण त्याला यात गोवता तुम्ही. रॅगवीड ही तुमची अमेरिकेतली भाऊबंद. तिच्या परागांची अ‍ॅलर्जी असलेल्या काहींना कच्ची काकडी, केळं किंवा खरबूज खाल्लं की लगेच टाळू खाजते, ओठ चुरचुरतात. या फळांतली काही प्रथिनं परागांतल्या प्रथिनांशी इतकी मिळतीजुळती, की शरीराचा पहारेकरी भलत्यालाच धरतो. तुमच्या नि रॅगवीडच्या परागांतही असंच साम्य आहे. शिजवल्यावर यातली बरीचशी प्रथिनं मोडतात. ज्याला खाजतं त्याने तेवढं फळ टाळावं, घसा आवळला किंवा धाप लागली तर थेट दवाखाना गाठावा. पण बाकीच्यांनी काय पाप केलंय? फळं-भाज्या भरपूर खाणाऱ्यांत दम्याची घरघर कमी दिसते, असं सांगणारे अभ्यास आहेत. आमचा पोरगा मात्र पथ्य म्हणून वडापाववर!

त्यात कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर कॅमोमाइलचा चहा सुचवतं. कॅमोमाइल तुमच्याच कुळातलं, सूर्यफूलही तुमच्याच. परागांची अ‍ॅलर्जी असलेल्या काहींना त्या चहानेच त्रास होतो. म्हणजे दुखणं तुमचं आणि औषधाच्या डब्यातही तुमचेच नातेवाईक. मानलं बुवा!

तुम्हाला फुलं यायच्या आत, हातमोजे घालून, मुळासकट उपटायचं असतं हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणूनच स्वच्छता मोहीम निघते ती फुलं गळून बिया पडल्यावर, फोटोग्राफरसह.

धाक वाटावा असा तुमचा एकच पाहुणा, 1984 मध्ये बंगळुरूत सोडलेला मेक्सिकन भुंगेरा. पाऊस पडला की जमिनीतून वर येतो आणि तुमच्या पानांवर ताव मारतो. त्याच्या खाण्यापिण्यावर आमच्या घरातून कसलंही बंधन येणार नाही, याची खात्री बाळगा.

कळावे, लोभ नसावा ही विनंती.

आपला,
रुमाल हातात घेऊन बसलेला एक मोशीकर