पाव टनाचा ट्रक

त्यांच्यासमोर 'जीप' म्हटलेलं चालत नाही. म्हटलंत, तर ते चष्मा कपाळावर सारतात आणि विचारतात, "कागद बघितलेत?" कागद म्हणजे अमेरिकन सैन्याने १९४४ साली छापलेली टीएम ९-८०३ ही पुस्तिका. मुलुंड स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून काढून, स्पायरल मारून घेतलेली. तिच्यात या गाडीचं नाव 'ट्रक, पाव टन, फोर बाय फोर' असं आहे. तेव्हा ट्रक. मध्यंतरी सोसायटीने 'आवारात ट्रक उभे करू नयेत' अशी नोटीस लावली, तेव्हा तीन आठवडे ती मोटार होती. नोटीस पावसात भिजून गळून पडली आणि पुन्हा ट्रक झाला.

काकांचं नाव सांगण्यात अर्थ नाही. असेच एक काका बोरिवलीला बाभईत असतात, एक घाटकोपरच्या पंतनगरात, एक अंधेरीला चार बंगल्यांकडे. आपले मुलुंड पूर्वेचे. वय साठीच्या पुढे, फ्लॅट तळमजल्यावर, पेन्शन वेळेवर. गंमत अशी की यांतल्या बहुतेकांचा उभ्या आयुष्यात पान्याशी संबंध आलेला नसतो. कुर्ल्याच्या प्रीमियरमध्ये किंवा कांदिवलीच्या महिंद्रात हयात घालवलेला फिटर निवृत्तीनंतर इंजिनाकडे ढुंकूनही बघत नाही. तो भजनी मंडळात जातो. इंजिन उघडतो तो बँकेतला माणूस.

उपनगरांत जुन्या जीपगाड्या उघडून बसवण्याचा हा नाद पसरला, त्याला हवापाण्याचाही थोडा गुण आहे. १९४५ साली महिंद्र बंधूंनी गुलाम मोहम्मद यांच्याबरोबर पोलादाच्या व्यापारासाठी 'महिंद्र अँड मोहम्मद' काढली. फाळणीनंतर मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ साली कंपनीच्या पाटीवर दुसऱ्यांदा महिंद्र आले. विलीज जीपची जुळणी आधी माझगावला होई, मग कारखाना कांदिवलीच्या आकुर्ली रस्त्यावर गेला. जवळच लष्कराचा ऑर्डनन्स डेपो. इकडे मध्य रेल्वेच्या बाजूला वालचंद हिराचंदांची प्रीमियर, जिथे डॉज आणि फार्गोचे ट्रक जुळायचे. त्या जागेवर आता कोहिनूर सिटी उभी आहे. काका तिथून रिक्षाने जाताना मान किंचित झुकवतात. रिक्षावाल्याला वाटतं, वाटेत एखादं देऊळ असावं.

तर हा ट्रक. युद्धात अमेरिकेने सहा लाखांहून अधिक बनवले, त्यांतला एक फिरत फिरत देवळालीकडे डिस्पोजलमध्ये निघाला, एका कंत्राटदाराकडून दुसऱ्याकडे गेला आणि वाटेत कुणीतरी त्याला डिझेल इंजिन बसवलं. पेट्रोल परवडेना, तेव्हा हजारो जीपगाड्यांचं असंच झालं. काकांच्या लेखी हे धर्मांतर. मूळ इंजिन गोठ्यात पडलं होतं आणि त्याच्या डोक्यावर कोंबडी अंडी घालत असे. काकांनी गाडीसाठी जितकी घासाघीस केली नाही, तितकी त्या इंजिनासाठी केली. कोंबडीच्या विस्थापनाचेही पैसे द्यावे लागले.

इंजिन चार सिलिंडरचं, २.२ लिटरचं, ६० अश्वशक्तीचं. आजची एखादी छोटी हॅचबॅक निम्म्या आकाराच्या इंजिनातून याहून जास्त ताकद काढते, हे मुलाने एकदाच सांगितलं. मुलगा ऐरोलीला सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्यानंतर त्याला फक्त उचलायच्या कामाला बोलावतात.

बाकी घर मात्र कामाला जुंपलेलं. काका स्वतः फारसं काही करत नाहीत. ते खुर्चीत बसून पोथी वाचतात आणि लेजर लिहितात. निघालेला प्रत्येक नट, बोल्ट, वॉशर प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीवर नंबर, नंबरची नोंद वहीत. जमा एका बाजूला, नावे दुसऱ्या बाजूला. एका बोल्टच्या माथ्यावर इंग्रजी एफ अक्षर निघालं तेव्हा दोन दिवस हिशेब थांबला. हीच गाडी युद्धात फोर्डनेही बनवली होती आणि फोर्डवाले आपल्या बोल्टांवरसुद्धा एफ ठोकत. "म्हणजे हा सासरचा," काकू म्हणाल्या. काकांनी वेगळं पान उघडलं.

सून दातांची डॉक्टर. हेडवर बसलेला कार्बन वायरब्रशला दाद देईना, तेव्हा तिने दवाखान्यातलं जुनं स्केलर आणलं आणि पाऊण तासात चारही खोल्या स्वच्छ करून दिल्या. वर म्हणाली, "बाबा, हे वर्षातून एकदा करायला हवं होतं." नात पाचवीत आहे. तिला पंधराचा पाढा अडखळत येतो, पण या इंजिनाची फायरिंग ऑर्डर एक-तीन-चार-दोन झोपेतही येते.

बोअर मारायला ब्लॉक कुर्ल्याला न्यावा लागला. टेम्पोचे पैसे वाचवावेत म्हणून काकांनी टेम्पोत फक्त ब्लॉक पाठवला. क्रँक आणि हेड गोणपाटात बांधून मुलासह लोकलच्या लगेजच्या डब्यातून नेले. कोळणींच्या पाट्या, फुलवाल्यांचे हारे, मध्ये क्रँकशाफ्ट. एका मावशींनी विचारलं, "काय हाय रं बाबा, हार्मोनियम?" कुर्ल्याच्या वस्तादांनी बोअरमध्ये गेज घातलं, फिरवलं आणि म्हणाले, "चाचा, थर्टी मारना पडेगा।" थर्टी म्हणजे तीस थाऊ. एका इंचाचे हजार भाग, त्यांतले तीस; पाऊण मिलिमीटर म्हणा ना. घरी काकूंना वाटलं तीस हजार. काकांनी तासभर थाऊ समजावून सांगितले. शेवटी बोअर, नवे पिस्टन, रिंगा, क्रँकचं ग्राइंडिंग, नागदेवीहून आणलेलं पॅकिंग धरून आकडा आला, तेव्हा काकू काही बोलल्या नाहीत. नुसतं लेजर मागून घेतलं आणि बेरजेखाली पेन्सिलीने रेघ मारली.

आणि मग व्हॉल्व्ह. या इंजिनाचे आठही व्हॉल्व्ह हेडमध्ये नसतात, खाली ब्लॉकमध्येच उभे असतात. ते आपापल्या सीटवर घट्ट बसावेत म्हणून एकेक लॅप करायचा: कडेला ग्राइंडिंग पेस्टचं बोट फिरवायचं, व्हॉल्व्हच्या माथ्यावर रबरी चोखणीची लाकडी दांडी चिकटवायची आणि दोन तळव्यांत धरून उलटसुलट फिरवायची. काकांनी फिरवली तर दांडी सुटे. मुलाने फिरवली तर एकाच बाजूला घासे. हॉलमध्ये रविवारच्या पुरवण्या अंथरल्या होत्या, त्यांवर ब्लॉक. (साहित्यविषयक पुरवणी कागदाला जाड असते, ऑइल चांगलं शोषते, लेखकांनी मनाला लावून घेऊ नये.) काकांच्या मातुःश्री, वय पंच्याऐंशी, सोफ्यावरून बराच वेळ बघत होत्या. "अरे बाळ, ताक घुसळतोस की मारामारी करतोस? सर बाजूला."

त्या पाटावर बसल्या. दांडी तळव्यांत घेतली, खांदे सैल सोडले आणि रवी फिरावी तशी ती फिरू लागली. आठदहा फेरे, मग किंचित उचलायची, पाव वळसा पुढे न्यायची, पुन्हा फेरे. आधी वाळू दळल्यासारखा खरखर आवाज, हळूहळू तो मऊ होत गेला, रेशमी पदर सरकावा इतका. आजी थांबल्या. "आलं लोणी." पुसून बघितलं तर कडेला राखाडी रंगाचं, कुठेही न तुटलेलं सारख्या रुंदीचं कडं. काकांनी पोथीत सांगितल्याप्रमाणे पेन्सिलीच्या आडव्या रेघा मारून, व्हॉल्व्ह टेकवून फिरवून बघितला; एकूण एक रेघ पुसली गेली. त्या दुपारी आजींनी आठही व्हॉल्व्ह काढले. जेवायला कढी होती, ती कुणाच्या लक्षात राहिली नाही.

मधल्या काळात इमारत पुनर्विकासाला जायचं ठरलं. सभेत सगळे कार्पेट एरियावर भांडत असताना काकांनी बिल्डरला एकच प्रश्न विचारला: यांत्रिक पार्किंगचं तबक हजार किलोंहून जास्त वजन पेलेल का? सेक्रेटरींनी मुद्दा काढला की इतकी जुनी गाडी रस्त्यावर आणायची परवानगी तरी आहे का. काकांनी पिशवीतून कागद काढला. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरची, चॅसी-बॉडी-इंजिनात मोठा बदल न केलेली खासगी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. वीस हजार रुपये भरायचे, नंबरात व्हीए ही अक्षरं येतात, नोंदणी दहा वर्षं चालते. रोजच्या वापराला मात्र ती रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती अशा ठरावीक कामांसाठीच. कुणालाही हा नियम जाचक वाटेल. काकांनी तो वाचून समाधानाने घडी घातली. पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती यांपलीकडे गाडीचं काही करायचं असतं, हे त्यांच्या कधी मनातच आलेलं नाही.

टीव्हीवर 'आराधना' लागला की घरातले दार्जिलिंगच्या गाडीत बसलेल्या शर्मिला टागोरकडे बघतात. काका जीपचं बॉनेट बसकं आहे की उंच, ते बघतात. हरियाणातल्या मंडी डबवालीहून येणाऱ्या, रुंद टायरच्या, स्पीकर लावलेल्या जीपगाड्यांविषयी ते बोलत नाहीत. सुसंस्कृत माणूस काही गोष्टी बोलत नाही.

इंजिन चेनकप्पीने गाडीत उतरलं तो रविवार सोसायटीने सुट्टी असल्यासारखा साजरा केला. हेडचे नट मधून सुरुवात करून बाहेर बाहेर, रांगोळीची ठिपक्यांची ओळ वाढवावी तसे आवळून झाले होते. सहा व्होल्टची बॅटरी रुसलेली, म्हणून पुढून हँडल घातलं. "अंगठा आत घेऊ नकोस," काका मुलाला ओरडले, "बोटांच्याच बाजूला ठेव, उलट मारलं तर मोडेल." पहिलं हँडल, काही नाही. दुसरं, एक शिंक. तिसऱ्याला धूर, चौथ्याला खोकला आणि मग टकटक टकटक करत, अंग हलवत, इंजिन जे सुरू झालं ते बंद होईना. नात टाळ्या पिटत नाचली. वरच्या मजल्यावरच्या गुजराती काकींनी पेढे पाठवले. सेक्रेटरीसुद्धा खाली येऊन उभे राहिले, आणि त्यांनी धुराबद्दल अवाक्षर काढलं नाही.

काकांनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक ब्लॉकवर टेकवून मूठ कानाला लावली. चेहऱ्यावर समाधान. मग त्यांनी लेजर उघडलं, शेवटच्या पानावर बोट ठेवलं आणि खिशातली एक पिशवी बाहेर काढली. पिशवीत एक वॉशर होता. नंबर एकशे चौदा. जमेला आहे, नावे कुठेच नाही.

"बंद कर," काका म्हणाले.

मुलाने वायर काढली. आवारात एकदम शांतता झाली. आजींनी पेढ्याचा उरलेला तुकडा तोंडात टाकला आणि या आठवड्याची पुरवणी कुणी वाचायला घेतली नाही ना, ते बघायला त्या आत गेल्या.